बी.ए.एम.एस. झाल्यावर पुढे काय?

नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या याद्या निघू लागल्या की माझ्या दवाखान्यात रुग्णांबरोबर पालकांचीही ये-जा वाढते. परवा एक शेतकरी गृहस्थ आले. रक्तदाब मोजून झाला तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरीचं एम.बी.बी.एस. हुकलं. नंबर आयुर्वेदाले लागला जी. एवढी वर्षं शिकून पुढं काय करन ते?"

प्रश्न रास्त आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे जातात, आणि खाजगी महाविद्यालय असेल तर कोणाकोणाचे वावरही जाते. मी एम.बी.बी.एस., आयुर्वेदाचा जाणकार नव्हे. पण या जिल्ह्यात पंचवीस वर्षे दवाखाना चालवताना या पदवीधरांचे काम जवळून पाहिले आहे.

२०१७ चा फवारणीचा हंगाम वाचक विसरले नसतील. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, फवारा थेट तोंडावर. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या दिवसांत माझ्याकडे एक मजूर उलट्या होत असताना आला. पोट बिघडले असेल असे समजून मी सलाइन लावले. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या त्या अर्ध्या तासाने. तो वाचला, पण त्यात माझी हुशारी नव्हती.

त्याच आठवड्यात एका खेड्यातील तरुण बी.ए.एम.एस. डॉक्टरने दुसरा रुग्ण पाठवला. सोबत चिठ्ठी होती: फवारणी किती वाजता केली, औषध कोणते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ व घाम फार, नाडीचे ठोके इतके. अंगावरचे कपडे काढून रुग्णाला साबणाने धुतलेले होते, औषधाचा डबा पिशवीत बांधून दिला होता. मी अ‍ॅट्रोपिन सुरू केले आणि त्याला यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात रवाना केले. पुढे भेट झाली तेव्हा मी त्या डॉक्टरला विचारले, हे कुठे शिकलात? म्हणाला, "अगदतंत्राचा पेपर होता ना सर!"

अगदतंत्र म्हणजे विषचिकित्सा, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. अभ्यासक्रमात त्याला जोडून आधुनिक विषशास्त्र आणि न्यायवैद्यकही येते. हे शिक्षण वैद्याच्या खुर्चीपुरते नाही. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर कितीतरी बी.ए.एम.एस. डॉक्टर काम करतात, तेथे हेच लागते. आरोग्य विमा कंपन्यांत दावे तपासायलाही रुग्णाचे कागद वाचू शकणारा माणूस हवा असतो.

द्रव्यगुण आणि भैषज्यकल्पना ज्याला मनापासून आवडते त्याने औषधनिर्मितीकडे जावे. आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात निर्मितीवर देखरेखीला पात्र तांत्रिक व्यक्ती लागतेच, आणि आयुर्वेदाची पदवी ही तशी पात्रता आहे. गावात राहायचे असेल तर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. शाळा-अंगणवाड्यांतील मुले तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांतही हीच मंडळी असतात. मात्र या जागा बहुधा कंत्राटी असतात, हे घरात आधीच बोलून घ्यावे. एम.डी., एम.एस. किंवा रुग्णालय व्यवस्थापनाची वाट आहेच, आणि स्पर्धा परीक्षांना कोणतीही पदवी चालते.

राहिला स्वतःचा दवाखाना. महाराष्ट्रात या पदवीधरांना कायद्याने, त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत, आधुनिक औषधे वापरता येतात. त्या मर्यादेचे काय होते ते आपण पाहतोच. "सुई मारा" म्हणणारा रुग्ण आणि मारणारा डॉक्टर, दोघे मिळून सलाइन व स्टेरॉइडचे दुकान थाटतात. (यात आमचे एम.बी.बी.एस. बंधूही मागे नाहीत.) आहार, झोप, कामाची पद्धत खोदून विचारायला आयुर्वेद शिकवतो. मधुमेहाच्या आणि सांधेदुखीच्या रुग्णाला तेवढा वेळ देणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी शोधावा लागतो. ज्याने ती सवय मोडली, त्याने साडेपाच वर्षांतली निम्मी पाण्यात घातली असे मी समजतो.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले: महाविद्यालयाला त्या वर्षीची भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाची परवानगी आहे का ते पाहा. मग पोरीला घेऊन सकाळी दहा वाजता, न कळवता, त्यांच्या रुग्णालयात जा. बाह्यरुग्ण विभागात किती माणसे बसली आहेत आणि किती खाटांवर खरेच रुग्ण आहेत ते मोजा. फीचे कागद त्यानंतर.