कार्ड खिशात, कीड दातात



हंगाम सुरू झाला की आपल्या सर्वांच्या तोंडी एकच विषय असतो. तोड कधी येणार, टोळी कुठवर आली, उतारा किती बसतोय. या धामधुमीत स्वतःच्या तोंडात काय चालले आहे हे पाहायला सवड कुणाला? म्हणूनच या अंकात आम्ही मुद्दाम दातांचा विषय घेतला आहे. विषय किरकोळ वाटेल, पण घराच्या हिशेबाला तो कसा लागतो हे पुढे वाचल्यावर पटेल.

आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाची गोष्ट सांगतो. त्यांची दाढ दोन वर्षे अधूनमधून ठणकत होती. लवंगेचे तेल, मिठाच्या गुळण्या आणि दुकानातली गोळी यावर त्यांनी भागवले. ऐन तोडणीत गाल सुजला, ताप भरला, घास गिळेना. घरच्यांनी आरोग्य योजनेचे कार्ड घेऊन योजनेतले रुग्णालय गाठले. तिथल्या आरोग्यमित्राने कार्ड पाहून सांगितले, "दादा, दाढ काढायला किंवा भरायला हे कार्ड चालत नाही." मग उसने पैसे काढून खाजगीत उपचार झाले. दाढ गेली, आठवडा गेला आणि ऊस दुसऱ्याच्या देखरेखीवर तुटला. पुढे ते आम्हाला म्हणाले, "पाच लाखांचं कार्ड आहे म्हणून निर्धास्त होतो. कार्डात दात बसत नाहीत हे कुणी सांगितलंच नव्हतं."

त्यांचे म्हणणे आम्हाला लागले. आज ते सांगण्याचे काम आम्ही करीत आहोत.

कार्डात काय बसते, काय बसत नाही?

महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. राज्याच्या योजनेची मर्यादाही तेवढीच करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला.

या योजना मुख्यतः रुग्णालयात भरती करून करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहेत. अपघातात जबडा मोडला, तोंडाचा कर्करोग झाला, तर कार्ड उपयोगी पडते. पण दाढेतली कीड काढून ती भरणे, दाताच्या मुळाचा उपचार, हिरड्यांचे नेहमीचे दुखणे ही कामे बाह्यरुग्ण विभागात, खुर्चीवर बसवून होतात. केंद्राच्या योजनेत ती स्पष्टपणे वगळलेली आहेत. आजारामुळे वा अपघातामुळे भरतीच करावी लागली, तरच दातांचा उपचार तिच्यात बसू शकतो.

थोडक्यात, मोठे संकट आले तर कार्ड आहे; ते येऊ नये म्हणून जो लहान उपचार लागतो, त्याला कार्ड नाही. तो आपल्यालाच वेळेवर करून घ्यायचा आहे.

दुसऱ्याच्या बांधावर काय दिसते?

आपल्या रानात काही बिघडले की आपण शेजारच्या बांधावर जाऊन पाहतो. इथेही तसेच करू. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात गरिबांसाठी मेडिकेड नावाचा सरकारी विमा १९६५ पासून आहे. त्यात २१ वर्षांखालील मुलांना दातांचे उपचार द्यावेच लागतात. मोठ्या माणसांना द्यायचे की नाही, हे प्रत्येक राज्य ठरवते.

कॅलिफोर्निया राज्याने पैशाच्या ओढाताणीत जुलै २००९ मध्ये मोठ्या माणसांचे बहुतेक दंतोपचार बंद केले. तेव्हा लोकांचे दात काही दुखायचे थांबले नाहीत. माणसे दाढदुखीने हैराण होऊन मोठ्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागात जाऊ लागली आणि ती गर्दी वाढली. तिथे वेदनाशामक मिळते, दाढ दुरुस्त होत नाही. शेवटी राज्याने २०१४ मध्ये काही उपचार आणि २०१८ मध्ये उरलेले उपचार पुन्हा सुरू केले.

दुसरी गोष्ट अधिक हळहळ लावणारी आहे. २००७ साली मेरिलँड राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दातामुळे दगावला. दाताचा पू मेंदूपर्यंत पोचला होता. त्या कुटुंबाचा सरकारी विमा मधेच खंडित झाला होता, आणि विमा असतानाही त्या विम्यावर उपचार करणारा दंतवैद्य मिळणे मुश्किल होते. दात काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. मेंदूवरच्या दोन शस्त्रक्रिया आणि इस्पितळाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला, आणि मूल वाचले नाही.

यातून आणखी एक धडा निघतो. त्या देशात मुलांचा पूर्ण खर्च विमा उचलतो, तरीही विमा असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्मी मुले वर्षभरात एकदाही दात राखण्याच्या उपचारासाठी जात नाहीत. कारणे आपल्या ओळखीची आहेत. दवाखाना लांब, रोज बुडतो, पुष्कळ दंतवैद्य कमी दरामुळे सरकारी रुग्ण घेत नाहीत, मनात भीती असते, आणि दुखत नाही तोवर कशाला जा, ही वृत्ती. म्हणजे कार्डात दात बसले तरी पाय दवाखान्याकडे वळावे लागतातच.

आपल्याकडे काय उपलब्ध आहे?

कार्डात नाही म्हणजे कुठेच नाही, असे मात्र समजू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत केलेले आहेत. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंतविभाग असतो. आपल्या जवळच्या रुग्णालयात तो आहे का आणि दंतवैद्य कोणत्या वारी बसतात, एवढी चौकशी आजच करून ठेवा. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अवघड काम तिथे खाजगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते.

मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासते, आणि त्या तपासणीत किडलेले दातही पाहतात. दोष आढळला तर पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी देतात. ही चिठ्ठी बहुधा दप्तरातच चुरगळून जाते, असा आमचा अनुभव आहे. तोडीची चिठ्ठी आपण देवघरात जपतो. मुलाच्या दाताची चिठ्ठीही तशीच जपा.

दाताचा खोडकिडा

खोडकिडा उसात शिरला की पहिले काही दिवस वरून काहीच दिसत नाही. पोंगा वाळलेला दिसतो तोवर आतला कोंब गेलेला असतो. दाताचेही तसेच आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच झिजवते. या कवचाला संवेदना नसते, म्हणून सुरुवातीला दुखत नाही. कीड आतल्या मऊ भागात गेली की गार-गरम झोंबू लागते. मधल्या नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडते. पहिल्या टप्प्यावर साधे भरून काम भागते. शेवटच्या टप्प्यावर मुळाचा महाग उपचार करावा लागतो, नाहीतर दात काढावा लागतो. न दुखता दाखवलेला दात स्वस्तात वाचतो, तो यामुळे.

साखर कारखान्याने हे सांगावे काय?

एका संचालकांनी आम्हाला हसत विचारले, "अहो, आपलाच माल, आणि आपल्याच अंकात त्याची बदनामी?" आम्हाला तसे वाटत नाही. जो माल आपण पिकवतो त्याचे गुण आणि दोष दोन्ही आपल्याला ठाऊक हवेत. दाताच्या बाबतीत साखर किती खाल्ली याइतकेच किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. दिवसातून आठ वेळा गोड चहा घेणाऱ्याच्या दातांवर आठ वेळा आम्लाचा मारा होतो. जेवणाबरोबर एकदा गोड खाणाऱ्याला तेवढा त्रास नाही. गूळही याला अपवाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवल्याप्रमाणे साधारण मोठ्या माणसाने दिवसाला ५० ग्रॅमच्या आत वरून घातलेली साखर खावी, आणि त्याहून कमी खाल्ली तर अधिक चांगले.

घरच्या घरी करावयाची तपासणी

१. आरसा आणि बॅटरी घेऊन महिन्यातून एकदा घरातल्या सर्वांचे तोंड पाहावे. दाढेवर काळा खड्डा, हिरडीतून रक्त, हलणारा दात दिसल्यास दुखायची वाट पाहू नये.

२. मुलाला सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे एक नवी दाढ येते. ती दुधाची नव्हे, कायमची असते. "पडेल आणि दुसरी येईल" म्हणून अनेक आईबाप तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

३. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तीन बोटे उभी घालता येणार नाहीत इतके तोंड आखडणे, ही धोक्याची निशाणी आहे. सुपारी, गुटखा, तंबाखू खाणाऱ्यांनी ती ताबडतोब दाखवावी.

४. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिने दात घट्ट होत नाहीत; हिरड्या खराब होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. घरातल्या आयाबहिणींनी एवढे ऐकावेच. दात फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा घासावेत, आणि त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची असावी.

५. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहणे कठीण जाते. अशांनी वर्षातून एकदा तरी दात दाखवावेत.

६. वरची दाढ काढली की डोळे जातात, हा समज खोटा आहे. दाढेची नस आणि दृष्टीची नस वेगळी आहे.

टोळीला विसरू नका

आपला ऊस तोडायला येणारी कुटुंबे सहा-सहा महिने घरापासून दूर असतात. त्यांच्या गावचा दवाखाना त्यांना हंगामात उपयोगी पडत नाही. पहाटे मशेरी आणि दिवसभर तंबाखू यावर दाढदुखी दाबून ते कोयता चालवतात. आपल्या फडात एखाद्याचा गाल सुजलेला दिसला तर मुकादमावर सोडून देऊ नका. त्याला जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता दाखवा, जमल्यास गाडीवर बसवून न्या. सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर तो दिवस उद्यावर ढकलण्याचा नाही.

लागणीपूर्वी आपण बेणे निवडतो, त्यावर प्रक्रिया करतो. त्याला चार पैसे लागतात, पण ते खर्च झाले असे कुणी म्हणत नाही. दाताचेही तेवढेच समजा. कार्ड जपून ठेवा, मोठ्या आजाराला ते लागेल. दातासाठी मात्र हा हंगाम संपायच्या आत एक सकाळ काढा. घरातल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर घ्या, आणि दुखत नसतानाच दंतविभागात जाऊन या.