एक पै, एक कावड आणि आमच्या घरातलं काटकसरीचं वर्ष

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ८, अध्याय १९



वामन आणि बळीराजाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तीन पावलं जमीन, तिसरं पाऊल डोक्यावर, बळी पाताळात. पण आजचा अध्याय हे सगळं घडण्याच्या आधीचा आहे. इथे अजून पाऊल उचललेलं नाही, फक्त बोलणं चाललंय. आणि ते बोलणं चक्क गरज किती आणि हाव किती यावर आहे.

वामन तीनच पावलं मागतो. बळीला हसू येतं. तो म्हणतो, बोलतोस म्हाताऱ्यासारखा, पण स्वतःचं हित तुला कळत नाही. मी तिन्ही लोकांचा राजा, मी एखादं अख्खं द्वीप देऊ शकतो. माझ्याकडे आलेल्याला पुन्हा दुसऱ्या दारी जावं लागू नये. यावर वामनाचं उत्तर मला फार आवडतं. त्याचा भावार्थ असा : ज्याचं समाधान तीन पावलांत होत नाही, त्याचं द्वीप मिळूनही होणार नाही, तो पुढचं द्वीप मागेल. पृथू, गय यांच्यासारख्या सप्तद्वीपांच्या राजांनाही तृष्णेचा शेवट सापडला नाही.

आम्ही मुलुंडला राहतो, सप्तद्वीपांत नाही. पण वन बीएचके घेतल्यावर टू बीएचके दिसायला लागतो, हे कुठल्याही उपनगरवाल्याला सांगायला नको.

आज या अध्यायावर लिहितोय, कारण गेलं पूर्ण वर्ष, पाडवा ते पाडवा, आम्ही घरातला अनावश्यक खर्च कमी करण्याचा नेम घेतला होता. तो कसा घेतला, मध्येच कुठे घसरलो आणि या अध्यायाने कसं सावरलं, ते सांगतो.

सुरुवात कशी झाली

फेब्रुवारीचा शेवट होता. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी विचारलं, "दादा, आठ हजार उचल मिळेल का? मुलीच्या कोर्सची फी भरायची आहे." मी म्हटलं, "महिनाअखेर आहे ताई, बघतो." खोटं नव्हतं ते. खात्यात खरंच फारसं काही नव्हतं. चार दिवसांनी कळलं की त्यांनी ते पैसे बाहेरून व्याजाने घेतले.

त्या रात्री झोप लागेना. दोघांचे पगार येतात, हप्ता वेळेवर जातो, तरी महिनाअखेरीला आठ हजार नाहीत? उठून बँकेचं आणि कार्डचं स्टेटमेंट डाउनलोड केलं. त्या महिन्यात बाहेरून मागवलेल्या खाण्याचे झाले होते ११,४०० रुपये. त्यात असं एकही जेवण नव्हतं जे आता मला आठवत होतं.

नाथांची एक पै

इथे एकनाथ महाराजांची गोष्ट आठवली. देवगिरीला नाथ आपले गुरू जनार्दनस्वामी यांच्याकडे होते. स्वामी तिथले किल्लेदार. हिशेबाचं काम नाथांकडे होतं. एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, काय झालं विचारलं आणि म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, मग हीच भगवंताकडे लावलीस तर? परंपरेत ही गोष्ट अशी सांगतात.

रात्री तीन वाजता बग सापडल्यावर खुर्चीतून उडी मारलेल्या कुणालाही ती टाळी कळेल. पण मला त्या रात्री दुसरीच गोष्ट बोचली. ऑफिसच्या कोडमधली चूक शोधायला मी रात्र रात्र जागतो. स्वतःच्या घराच्या हिशेबाकडे तीन वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मग पाहिलं. दोन रविवार लागले. महिन्याला जे गेलं नसतं तरी चाललं असतं, ते असं निघालं :

- बाहेरचं खाणं : ११,४००
- दहा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ॲपवरची किरकोळ, नको असलेली खरेदी : ४,२००
- न बघितलेली, न वापरलेली सबस्क्रिप्शन्स : १,९००
- स्टेशनपर्यंत आणि इकडेतिकडे कॅब : ५,५००
- 'सेल आहे' म्हणून घेतलेल्या वस्तू : ७,०००

एकूण ३०,०००. यातली एकही रक्कम एकदम गेलेली नव्हती. दीडशे, दोनशे, साडेतीनशे असे तुकडे. पैसा गळतो तो असाच, थेंबाथेंबाने.

नेम

चातुर्मासात आजी काहीतरी सोडायची, कधी वांगं, कधी गोड. सोडलं की चार महिने त्यावर चर्चा नाही. नेमाची ही मोठी सोय आहे, रोज नव्याने ठरवावं लागत नाही. तसाच नेम आम्ही पाडव्याला घेतला. चार साधे नियम केले.

एक, बाहेरचं खाणं महिन्यातून दोनदाच, आणि तेही शक्यतो बाहेर जाऊन, एकत्र बसून. दोन, ते दहा मिनिटांचं ॲप काढून टाकलं. भाजी आठवड्यातून एकदा पाच रस्त्याच्या बाजूने पिशवी घेऊन. तीन, कॅब फक्त आजारपण, रात्रीची वेळ, जड सामान किंवा आई बरोबर असेल तर.

चौथा नियम माझा आवडता. एक हजाराच्या वरची कुठलीही वस्तू घ्यावीशी वाटली की फ्रिजवरच्या कागदावर लिहायची आणि पुढची एकादशी होऊन गेली की मगच ठरवायचं. एकादशी पंधरवड्याला येतेच, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. वर्षभरात त्या कागदावर ७३ वस्तू लिहिल्या गेल्या. घेतल्या १९. बाकीच्या ५४ आम्ही नाकारल्या नाहीत, त्या आपोआप मावळल्या. 'हे मी कशाला लिहिलं होतं?' असं कितीदा झालं, मोजलं नाही. इच्छा खरी की क्षणाची, हे ओळखायला फार मोठं वैराग्य लागत नाही. बऱ्याचदा पंधरा दिवस पुरतात.

घसरलो ते इथे

सहा महिने छान गेले. एक्सेलमधला आकडा वाढत होता आणि मला तो रोज बघायची सवय लागली. इथेच गोची झाली.

आधी भाजीवाल्या मावशींशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालायला लागलो. मग एकदा आईला घाटकोपरला मावशीकडे जायचं होतं. गुडघा दुखत असताना ती लोकलने गेली, दोन्हीकडचे जिने चढून. नियमात 'आई असेल तर कॅब' स्पष्ट लिहिलेलं होतं, तरीही. विचारलं तर म्हणाली, "अरे, तुझा तो तक्ता बिघडला असता ना." मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, मनात कुठेतरी 'बरं झालं, साडेतीनशे वाचले' असंही आलं.

आणि मग दिवाळी. ताईंचा बोनस, वॉचमनची दिवाळी. मी बायकोला म्हटलं, यंदा अर्धाच पगार बोनस देऊ, आपलं वर्ष काटकसरीचं आहे. ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, आपण आपला खर्च कमी करायचं ठरवलं होतं. तू त्यांचा कमी करतोयस."

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

झारीतला शुक्राचार्य

दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदा म्हणून हाच अध्याय वाचायला घेतला. वामनाला दान द्यायला बळी निघालाय आणि गुरू शुक्राचार्य त्याला अडवतात. ते सांगतात की हा साधा बटू नाही, विष्णू आहे, दोन पावलांत सगळं व्यापेल, तू कंगाल होशील. आणि मग ते धनाच्या विनियोगाचा एक नियम सांगतात : आपल्या धनाचे पाच वाटे करावेत. धर्मासाठी, यशासाठी, धन वाढावं म्हणून, उपभोगासाठी आणि आपल्या माणसांसाठी. असं करणारा इथेही सुखी आणि परलोकातही.

आता गंमत बघा. सल्ला सोळा आणे बरोबर आहे. आजचा कुठलाही आर्थिक सल्लागार याहून वेगळं काय सांगेल? पण तो सांगितला कधी, तर समोर भगवंत हात पसरून उभा असताना, देणाऱ्याचा हात मागे खेचायला. सूत्र बरोबर, वापर चुकीचा. बळी ते ऐकून घेतो, विचार करतो आणि म्हणतो की प्रल्हादाचा नातू शब्द देऊन फिरवणार नाही. गुरूंचा शाप पत्करतो. शेवटी सगळं जातं, आणि भगवंत त्याच्या दाराशी राखण करायला उभा राहतो.

शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोटीत बसले आणि पाणी अडवलं, ही गोष्ट भागवताच्या या अध्यायात नाही. पण मराठीत ती इतकी मुरली आहे की कुणी चांगल्या कामात आडवा आला की आपण त्याला 'झारीतला शुक्राचार्य' म्हणतो. त्या दिवाळीत आमच्या घरातला तो मीच होतो. एक्सेल शीट घेऊन तोटीत बसलेला.

आणि मग नाथांची दुसरी गोष्ट समोर आली. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव दिसलं. नाथांनी ते पाणी त्याला पाजलं. किती मैलांची पायपीट, किती दिवसांचा संकल्प, त्याचा हिशेब केला नाही.

एका पैसाठी रात्रभर जागणारा आणि अख्खी कावड गाढवाला पाजणारा माणूस एकच आहे. यात विसंगती नाही. पै होती ती सोपवलेल्या कामातली, दुसऱ्याच्या पैशाची, तिथे काटेकोरपणा हाच धर्म. कावड स्वतःची होती, तिथे देणं हा धर्म. मी नेमकं उलट करत होतो. स्वतःसाठी तीन वर्षं हिशेब नव्हता, आणि दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा पै न् पै मोजत होतो.

उरलेले महिने

बोनस पूर्ण दिला. शीटमध्ये एकाच 'बचत' रकान्याऐवजी पाच रकाने केले, शुक्राचार्यांचेच, पण ज्या क्रमाने त्यांनी सांगितले त्या क्रमाने. पहिला धर्माचा. वाटे समान हवेत असं तिथे म्हटलेलं नाही, त्यामुळे आम्ही आमच्या परिस्थितीप्रमाणे केले.

महिन्याला ३०,००० वाचवायचं ठरवलं होतं, सरासरी २१,००० जमलं. वर्षाचे २,५२,०००. त्याचं असं झालं :

- धर्म : ४०,०००. ताईंचं ते व्याजाचं कर्ज आधी फेडलं, मग मुलीच्या कोर्सचा पुढचा हप्ता, उरलेलं अन्नदानाला. यात मोठेपणा काही नाही. ते व्याज माझ्या 'बघतो'मुळे सुरू झालं होतं.
- यश : १२,०००. याचा अर्थ लावायला वेळ लागला. आम्ही 'चारचौघांच्या उपयोगी पडेल असं काही' असा घेतला आणि एका ग्रंथालयाला पुस्तकं दिली.
- अर्थ : १,२०,०००. गृहकर्जाचं मुद्दल फेडलं. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, म्हणून मुद्दल लवकर कमी केलेलं बरं. व्यक्तीच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.
- काम, म्हणजे उपभोग : ३५,०००. हो, हाही वाटा शास्त्राने दिलेला आहे! फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणला जाऊन आलो. देवगिरी एक्स्प्रेसने संभाजीनगर, पुढे एस.टी. येताना देवगिरीचा किल्लाही बघितला. आपोआप मनात आलं, ती पै इथेच कुठेतरी सापडली असेल.
- स्वजन : ४५,०००. आईच्या गुडघ्याची फिजिओथेरपी, आणि तिची कॅब. ती आता तक्त्यात येत नाही.

एक सूचना

ज्यांचा पगार भाडं आणि किराण्यातच संपतो, त्यांनी हा लेख वाचून अपराधी वाटून घेऊ नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत अति खाणं आणि अजिबात न खाणं, दोन्ही योगाच्या आड येतात असं सांगतात. पोटाला चिमटा घेणं म्हणजे काटकसर नव्हे. ज्याची तीन पावलांचीच भागायची आहे, त्याला तृष्णेचा उपदेश लागू नाही. तो आपल्यासारख्यांना आहे, ज्यांची चौथ्या पावलावर नजर असते.

आजचा अभ्यास

१. गेल्या एका महिन्याचं स्टेटमेंट काढा आणि स्वतः, हाताने, प्रत्येक ओळीसमोर 'गरज' किंवा 'लहर' लिहा. ॲपला करायला सांगू नका. नाथ स्वतः बसले होते.

२. फ्रिजवर एक कागद लावा. पुढच्या एकादशीपर्यंत जे घ्यावंसं वाटेल ते फक्त लिहा.

३. जे वाचेल त्यातला पहिला वाटा कुणाचा, ते आधीच ठरवा. नंतर ठरवू म्हटलं की तोटीत कोण जाऊन बसतं, ते वर सांगितलंच आहे.

४. घरातल्या कुणी तुमच्या नेमासाठी मुकाट्याने त्रास सोसत नाहीये ना, हे एकदा विचारा. माझ्या आईला मी उशिरा विचारलं.

यंदाच्या पाडव्याला नेम संपला. कागद मात्र फ्रिजवर अजून आहे.

॥ राम कृष्ण हरी ॥