शाळेच्या कुंपणावरील अडुळसा : लागवड, निगा आणि पाठ

अडुळशाचे नाव ठाऊक नाही असे खेडे महाराष्ट्रात विरळाच आढळेल. खोकला झाला की शेजारच्या परसातून चार पाने आणावयाची, हा परिपाठ पुष्कळ घरांत चालत आलेला आहे. तथापि नाव ठाऊक असणे आणि झाड ओळखता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. ज्या मुलाने अडुळशाचा काढा अनेकदा घेतला आहे, त्यालाही त्याचे फूल कसे असते हे बहुधा सांगता येत नाही. शाळेच्या आवारात हे झुडूप लावले, तर मुलांना वनस्पतिशास्त्राचा एक जिवंत धडा वर्षभर उपलब्ध होतो. त्यास विकतचे बी लागत नाही, ते भारी जमीन मागत नाही आणि गुरेशेळ्या सहसा त्यास तोंड लावीत नाहीत. कुंपणाची रोपे जनावरांनी खाऊन टाकल्याचा अनुभव ज्या शाळांना आहे, त्यांस या शेवटच्या गुणाचे मोल निराळे सांगावयास नको. शिवाय या पाठाच्या ओघात आरोग्याची एक महत्त्वाची गोष्ट घराघरांत पोचविता येते. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

१. झुडपाची ओळख

अडुळसा हे सदाहरित, दाट फांद्यांचे झुडूप आहे. त्याची उंची साधारणतः सव्वा ते अडीच मीटर असते. पाने साधी, लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, दोन्ही टोकांस निमुळती व दहा ते वीस सेंटिमीटर लांब असतात. प्रत्येक पेऱ्यावर दोन पाने समोरासमोर येतात. पान चुरगळले असता एक विशिष्ट उग्र वास येतो व चव अत्यंत कडू लागते.

थंडीच्या दिवसांत व उन्हाळ्याच्या आरंभी फांद्यांच्या टोकांजवळ फुलांची आखूड, दाट कणसे येतात. फूल पांढरे असून त्याचे वरचा ओठ व खालचा ओठ असे दोन भाग स्पष्ट दिसतात. खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात. पुंकेसर दोनच असतात आणि ते वरच्या ओठाखाली दडलेले असतात. फळ म्हणजे लहानशी बोंडी. तीत बहुधा चार बिया असतात. बोंडी वाळली की ती तडकून दुभंगते व बिया दूर उडतात.

ओळखीत एक चूक होण्याचा संभव असतो. अडुळशाच्या पानांत महारुखाच्या पानांची भेसळ झाल्याचे आढळलेले आहे. महारुख हा मोठा वृक्ष असून त्याचे पान संयुक्त असते. म्हणजे एका लांब देठावर अनेक पर्णिका असतात. सुट्या पर्णिकेची कडा दातेरी व बूड तिरपे, एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस अधिक असते. अडुळशाच्या पानाची कडा सरळ व दोन्ही बाजू सारख्या असतात. दोन्ही पाने मुलांच्या हाती देऊन हा भेद त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.

२. नावांतून मिळणारे ज्ञान

संस्कृतात या झुडपास वासा, वासक, आटरूषक अशी नावे आहेत. ‘सिंहास्य’ हे आणखी एक नाव फुलाच्या आकारावरून पडले. दोन ओठ उघडलेले फूल पाहून जुन्या निरीक्षकांस सिंहाच्या उघड्या जबड्याची आठवण झाली. फूल हाती देऊन मगच हे नाव सांगितले, म्हणजे मुले ते विसरत नाहीत.

शास्त्रीय नाव ‘जस्टिशिया अधाटोडा’ असे आहे. स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते दिले. त्यातील ‘अधाटोडा’ हा शब्द युरोपातील नव्हे. तो दक्षिण भारतातील लोकनामावरून घेतलेला आहे. तमिळमध्ये ‘आडु’ म्हणजे शेळी आणि ‘तोडा’ म्हणजे न शिवणारी. शेळी ज्यास शिवत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ सांगतात. खेड्यातील गुराख्यांचे निरीक्षण अशा रीतीने शास्त्रीय नावात कायमचे नोंदले गेले, ही गोष्ट वरच्या वर्गांतील मुलांना अवश्य सांगावी. कोरांटी व सह्याद्रीतील कारवी ही अडुळशाच्याच कुलातील झाडे होत.

३. छाट कलमांची तयारी

अडुळसा बियांपासूनही होतो; पण शाळेस छाट कलमांची रीत अधिक सोयीची. गावातील एखाद्या जोमदार, निरोगी झुडपाच्या मालकाची परवानगी घेऊन फांद्या आणाव्यात. फांदी अगदी कोवळी नसावी व अगदी जून लाकडासारखीही नसावी; शिसपेन्सिलीएवढी किंवा किंचित अधिक जाड असावी. तिचे पंधरा ते वीस सेंटिमीटर लांबीचे, तीनचार पेऱ्यांचे तुकडे करावे. खालचा काप पेऱ्याच्या लगत खाली तिरपा व वरचा काप पेऱ्याच्या थोडा वर सरळ घ्यावा. दोन निरनिराळ्या कापांमुळे कलमाचे बूड कोणते व शेंडा कोणता, हे लहान मुलांसही चटकन समजते. चाकू धारदार हवा व तो शिक्षकांनीच वापरावा.

खालची पाने काढून टाकावी व वरची दोन पाने निम्मी कापावी. असे का करावे, हे मुलांना आधी विचारावे. पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. कलमास मुळे नसल्याने ती तूट भरून निघत नाही. पाने मोठी ठेवली तर कलम सुकते. एवढे उत्तर निघाले की वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनाचा पाठ निम्मा झालाच.

४. लागवड

शाळा उघडल्यानंतरचा पावसाळ्याचा आरंभ हा लागवडीचा उत्तम काळ. पाणी साचणारी जागा सोडून कोणतीही जमीन चालते; मात्र निचरा चांगला हवा. कुंपणासाठी कलमांत सुमारे अर्धा मीटर अंतर ठेवावे. झुडूप सुटे वाढवावयाचे असल्यास एक मीटर ठेवावे. वीतभर खोल खड्ड्यात कुजलेले शेणखत व माती सारख्या प्रमाणात मिसळून भरावी. कलमाचे दोन पेरे मातीत जातील असे ते लावून भोवतालची माती घट्ट दाबावी, म्हणजे आत पोकळी राहत नाही.

येथे मुलांची एक नेहमीची चूक सांभाळावी लागते. पंधरावीस दिवसांत डोळ्यांतून हिरवे कोंब दिसू लागतात. कलम लागले असे समजून मुले ते उपटून मुळे पाहतात, आणि कलम मरते. फांदीत साठविलेल्या अन्नावर कोंब आधी फुटू शकतात. त्यावरून मुळे धरली असे ठरत नाही. म्हणून निदान दोन महिने कलमास हात न लावण्याचा नियम घालून द्यावा. मुळे पाहण्याची जिज्ञासा योग्यच आहे. तिच्यासाठी पाचसहा कलमे निराळ्या वाफ्यात लावावीत व ठराविक दिवसांनी त्यांतील एकेक उपटून दाखवावे.

५. निगा

पहिल्या पावसाळ्यात खुरपणी महत्त्वाची. गवत वाढले की लहान कलमे गुदमरतात. पाऊस संपल्यावर आळी करून आठवड्यातून एकदोनदा पाणी द्यावे. झुडूप हातभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून कुंपण दाट होते. दरवर्षी फुलोरा संपल्यावर हलकी छाटणी करावी. छाटलेला पाला फेकू नये. तो खताच्या खड्ड्यात घालावा. अडुळशाचा पाला हिरवळीचे खत म्हणून शेतात वापरण्याची रीत जुनी आहे.

खरी परीक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत असते. शाळेतील पुष्कळ झाडे त्याच काळात जातात. सुट्टीपूर्वी प्रत्येक आळ्यात वाळलेल्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. दोन रोपांच्या मध्ये बुडास बारीक छिद्र असलेले जुने मडके पुरून ते पाण्याने भरावे. त्यातून ओल हळूहळू झिरपत राहते. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावून यादी फळ्याशेजारी चिकटवावी. एक उन्हाळा निभावला की पुढे झुडूप फारशी अपेक्षा करीत नाही.

पाने तोडावयाची झाल्यास पहिले वर्ष जाऊ द्यावे. त्यानंतरही एका झुडपाची निम्म्याहून अधिक पाने एका वेळी तोडू नयेत.

६. निरीक्षण व गणित

(अ) इयत्ता तिसरी-चौथीच्या मुलांनी दहा पानांची लांबी मोजून सरासरी काढावी.

(आ) फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी अर्धा तास झुडपाजवळ शांत बसून कोणते कीटक येतात, ते पाहावे. मधमाशी खालच्या ओठावर उतरते, आत शिरते व वरच्या पुंकेसरांचे परागकण तिच्या पाठीस लागतात. हे प्रत्यक्ष पाहिल्यावर परागीभवनाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

(इ) दहा कलमे सरळ, दहा उलटी व दहा पाने न कापता लावावीत. दोन महिन्यांनी प्रत्येक रांगेत किती जगली, याचे शेकडा प्रमाण काढावे.

(ई) कुंपणाची लांबी ३० मीटर व दोन कलमांतील अंतर अर्धा मीटर असल्यास कलमे किती? बहुतेक मुले ६० सांगतात. दोन्ही टोकांस कलम हवे असल्याने उत्तर ६१ येते. दहांपैकी सात कलमे जगतात असे धरल्यास ६१ रोपांसाठी निदान ८८ कलमे लावावी लागतील.

७. औषधी उपयोग व त्याची मर्यादा

आयुर्वेदात वासा ही खोकला, दमा व रक्तपित्त यांवरील औषधी म्हणून प्रसिद्ध आहे. पानांत ‘व्हॅसिसीन’ नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेच्या आधारे रसायनशास्त्रज्ञांनी ‘ब्रोम्हेक्सिन’ हे औषध तयार केले व १९६० च्या दशकात ते प्रचारात आले. कफ पातळ करण्यासाठी ते आजही देतात. परसातील झुडपापासून आधुनिक औषधापर्यंतचा हा प्रवास मुलांना सांगण्याजोगा आहे.

परंतु याच ठिकाणी शिक्षकांची जबाबदारी सुरू होते. व्हॅसिसीनचा परिणाम गर्भाशयावरही होतो. म्हणून गरोदर स्त्रीने अडुळसा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. लहान मुलास किती मात्रा द्यावी, हे ठरविणे हे शिक्षकाचे काम नव्हे. शाळेतील पाने मुलांना खाण्यास देऊ नयेत व शाळेत काढाही करू नये.

याहून मोठा धोका निराळाच आहे. खोकला व थुंकीतून रक्त पडणे यांवर अडुळसा गुणकारी, ही समजूत खोल रुजलेली आहे. क्षयरोगाची लक्षणेही हीच असतात. क्षयाचे कारण एक जंतू आहे, हे रॉबर्ट कॉख याने १८८२ साली दाखवून दिले. तो जंतू अडुळशाच्या काढ्याने मरत नाही. काढ्याने घशास थोडा आराम वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आठवडे निघून जातात आणि तोपर्यंत रोग वाढतो. एवढेच नव्हे, तर तो घरातील इतरांसही लागतो. दोन आठवडे वा त्याहून अधिक टिकणारा खोकला, सायंकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, थुंकीत रक्त दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. औषधे नियमाने व पूर्ण मुदतीपर्यंत घेतली असता हा रोग बहुतांशी बरा होतो.

वर्गात एखादे मूल पंधरा दिवस खोकत असल्याचे किंवा हळूहळू रोडावत असल्याचे शिक्षकांच्या लक्षात पुष्कळदा घरच्यांच्या आधी येते. घरच्यांस ते बदल रोजच्या सहवासामुळे जाणवत नाहीत. हजेरीपट व वजनाची नोंद मात्र ते दाखवितात. अशा वेळी पालकांना एकांतात, न दुखविता सांगावे. अडुळशास नावे ठेवण्याचे कारण नाही. “काढा घेत असाल, तरी तपासणी अवश्य करा,” एवढे म्हणणे पुरेसे असते. मुलाचे नाव वर्गात घेऊ नये व त्यास वेगळे बसवून त्याचा संकोच वाढवू नये.

८. स्वाध्याय

१. अडुळशाचे पान व महारुखाची पर्णिका यांतील तीन फरक लिहा.
२. कलमाची वरची पाने निम्मी का कापतात?
३. कोंब फुटला म्हणजे कलम जगले, असे का म्हणता येत नाही?
४. ‘सिंहास्य’ व ‘अधाटोडा’ या नावांमागील निरीक्षण कोणते?
५. खोकला किती दिवस टिकल्यास आरोग्य केंद्रात जावे? हे आपल्या घरी सांगून, घरच्यांनी काय म्हटले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वहीत नसले तरी चालेल. ते घरोघरी पोचले पाहिजे. कुंपणावरचा अडुळसा दोनतीन पावसाळ्यांत दाट होईल. त्याच्या सावलीत शिकलेल्या मुलास झाडाचा गुण व झाडाची मर्यादा ही दोन्ही ठाऊक असली, म्हणजे हा पाठ सफल झाला असे समजावे.