प्रतिबंधक गोळी आणि तिमाही तपासणी

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचे जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग असले, तरी येथील माणसाची पावले नोकरीसाठी, बाजारासाठी आणि औषधोपचारासाठीही बहुधा मुंबईच्या गाडीकडे वळतात. ज्या दुखण्याची गावात वाच्यता नको असते, त्याच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आधीपासूनच घ्यावयाची औषधयोजना ‘प्रेप’ या नावाने ओळखली जाते. टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबीन ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी रोज एक, असा तिचा नेहमीचा क्रम आहे. अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली. लागणीचा मोठा धोका असलेल्या सर्वांना ती उपलब्ध व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. पुरुषांशी शरीरसंबंध असणारे पुरुष हा त्यांतील एक प्रमुख गट होय. नियमित घेतल्यास गोळी अत्यंत परिणामकारक ठरते. मात्र तिचे सामर्थ्य एचआयव्हीपुरतेच आहे. गरमी, परमा, क्लॅमिडिया यांना ती रोखीत नाही. म्हणून दर तीन महिन्यांची तपासणी हा या औषधयोजनेचाच भाग मानला जातो.

गोळी घेणाऱ्याची पुन्हा एचआयव्ही चाचणी कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. लागण नकळत झालेली असल्यास ही दोनच औषधे तिला आवरण्यास अपुरी पडतात आणि विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होण्याचा संभव असतो. मूत्रपिंडाचे कार्य व कावीळ ‘ब’ याही गोष्टी तपासतात. कावीळ ‘ब’ असलेल्याने गोळी एकाएकी सोडल्यास यकृताचा विकार उसळू शकतो.

खरी अडचण इतर रोगांची आहे. शासकीय सुरक्षा क्लिनिकमधील उपचार मुख्यतः लक्षणांवर आधारलेला आहे. रुग्णाने स्राव अथवा व्रण दाखवावा आणि त्या लक्षणासाठी ठरलेल्या रंगाचा औषधसंच त्यास द्यावा, अशी ही पद्धत; स्रावासाठी करड्या रंगाचा संच असतो. प्रयोगशाळा दूर असलेल्या भागात तिचा मोठा उपयोग झाला, यात शंका नाही. परंतु घसा व गुदमार्ग येथील परमा व क्लॅमिडिया पुष्कळदा कोणतेच लक्षण दाखवीत नाहीत आणि केवळ लघवी तपासून ते सापडत नाहीत. गरमीचा पहिला व्रण दुखत नाही, आपोआप भरूनही येतो. रोग मात्र शरीरात राहतो. तेव्हा तपासणी लक्षणांची वाट न पाहता व्हावी लागते. नमुने कोठून घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी संबंधांचे स्वरूप डॉक्टरांनी सरळ, न संकोचता विचारावे लागते.

एचआयव्ही व गरमीसाठी रक्ततपासणी करण्यास मुंबई गाठण्याचे कारण नाही. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. घशाच्या व गुदमार्गाच्या नमुन्यांची सूक्ष्म चाचणी मात्र बहुधा मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांतच होते. खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्यास दर तिमाहीस एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे कितपत परवडेल? आणि जवळच्या रुग्णालयात जावे, तर केसपेपरच्या रांगेत शेजारी भेटतो.

प्रौढ व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरपासून, एचआयव्ही व एड्सविषयीचा २०१७ चा कायदा अमलात आला. त्यानुसार व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीवाचून चाचणी करता येत नाही. कायद्याने सांगितलेले मोजके प्रसंग सोडता, आरोग्य कर्मचाऱ्यास तिचा निष्कर्ष तिच्या संमतीविना उघडही करता येत नाही. सरपंचाने वा ग्रामपंचायत सदस्याने केंद्रात कोण आले याची सहज म्हणून केलेली चौकशीदेखील एखाद्याची पुढची तपासणी चुकविण्यास पुरेशी ठरते. नाव न सांगता माहिती हवी असल्यास १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.