एकच कापड दोनदा विकू नये : छोटा एपीआय कसा बांधावा

संगमेश्वरला कापडाचा धंदा करताना आम्ही एक गोष्ट शिकलो. माल संपला तर गिऱ्हाईक समजून घेते, शब्द मोडला तर परत येत नाही. एका पावसाळ्यात आमच्याकडे साडेबारा मीटर सुटिंग शिल्लक होते. दुकानात आठ मीटर कापून दिले. त्याच वेळी देवरुखला गेलेल्या आमच्या माणसाने सात मीटरची ऑर्डर घेतली. एका घरचे लग्नाचे कपडे अडले. चूक आमचीच, कारण शिल्लक दोन वह्यांत होती.

उपाय असा की शिल्लक एकाच सर्व्हरवर ठेवावी आणि तिथे विचारायला एक खिडकी असावी. या खिडकीलाच एपीआय म्हणतात. सगळा जमाखर्च हवा असेल, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट आहे. आम्हाला फक्त शिल्लक हवी होती. त्यासाठी आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली काढलेले ‘फ्लास्क’ हे पायथनमधील हलके वेब फ्रेमवर्क पुरते. त्यासोबत डेटाबेस येत नाही. आपण एसक्यूलाइट जोडावा.

खिडक्या दोनच ठेवाव्यात. ‘गेट’ पद्धतीची खिडकी थानाचा नंबर दिला की शिल्लक सांगते. ‘पोस्ट’ पद्धतीची मागणी घेते. दुकानातील विक्रीही तिथूनच जावी. या दुसऱ्या खिडकीचे तीन नियम आहेत.

पहिला : आधी शिल्लक वाचून मग वजा करू नये, मधल्या क्षणात दुसरी मागणी शिरते. ‘शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर’ असा एकच हुकूम डेटाबेसला द्यावा. वजाबाकी झाली नाही, तर ४०९ या क्रमांकाने नकार कळवावा.

दुसरा : घाटात रेंज जाते. ऑर्डर पोचते, पण पोच येत नाही, म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो. यासाठी मोबाईलने प्रत्येक मागणीला बिलासारखा वेगळा नंबर द्यावा. तोच नंबर परत आला, तर सर्व्हरने पुन्हा वजा न करता पहिलेच उत्तर द्यावे. नंबराची नोंद आणि वजाबाकी एकत्र व्हावी; एक फसली तर दुसरीही रद्द व्हावी.

तिसरा : मागणी शून्याहून जास्त आहे ना, आणि ती आपल्याच माणसाची आहे ना, हे सर्व्हरनेच तपासावे. उणे पाच मीटर लिहून आले, तर वजा होण्याऐवजी शिल्लक वाढेल.

खिडकी छोटी असली तरी चालेल. तिथून गेलेला शब्द मात्र पक्का असावा.