वकिलातीतील मुलाखत

मुलगा अमेरिकेत आहे. तिकडचा नागरिक झाला आहे. नागरिकाचे वय 21 वर्षे पुरे झाले, की त्याला आईवडिलांना कायमचे बोलावण्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज मंजूर झाला. आता आईला मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला जायचे आहे.

कागद काढू लागलो, की खरी अडचण समजते. पासपोर्टावर नाव पार्वती, शाळेच्या दाखल्यावर पारू. माणूस एकच, नावे दोन! जन्माची नोंद तर पुष्कळदा नसतेच. बाळंतपण घरी झालेले, नोंद कोण करणार? अशा वेळी जन्मनोंदणीच्या कचेरीतून ‘नोंद सापडत नाही’ असा दाखला घ्यावा. सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावा. याला हेलपाटे पडतात, म्हणून आधीच कामाला लागावे.

पोलिसांचा दाखलाही लागतो. तब्येतीची तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. आपल्या गावच्या डॉक्टरांचा कागद चालत नाही. खर्चाची हमी मुलगा लिहून देतो, तीही जवळ ठेवावी.

मुलाखतीत आधी शपथ घ्यावी लागते. मग साहेब विचारतात, मुलगा कुठे राहतो? काय काम करतो? तुम्हांला मुले किती? ठाऊक असेल तेवढेच सांगावे. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावे. त्यात लाज कसली? एखादा दलाल सांगतो, “बाई, हा खोटा दाखला दाखवा, काम होईल.” त्याचे ऐकू नये. खोटे उघडे पडले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. दलाल मात्र पैसे घेऊन मोकळा!

मोबाईल आत नेऊ देत नाहीत. तो बाहेर सोबतच्या माणसाजवळ द्यावा.