सरासरी भरली, शेत मात्र गेलं

पुतणी : काका, पावसानं सरासरी गाठली तरी आपल्याकडं नुकसान कसं होतं?

काका : सरासरी चार महिन्यांची असते. सोयाबीनला पाणी हवं असतं फुलं लागताना आणि शेंगा भरताना, म्हणजे ऑगस्टात. 2023चा ऑगस्ट हा 1901पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. शेंगा पोचट राहिल्या. उलट 2025च्या सप्टेंबरात सीना नदी शिवारात शिरली. काढणीला आलेलं पीक गेलंच, कित्येकांची मातीही खरडून गेली. पीक पुढच्या हंगामात घेता येतं गं. माती कुठून आणायची?

पुतणी : पण दुष्काळ आणि पूर पूर्वीही होतेच की. बाहत्तरचा दुष्काळ तर आजीही सांगते.

काका : होते. सगळ्याचा दोष हवामानबदलावर टाकूही नये. कमी पावसाच्या मुलखात आपण ऊस वाढवला, ते आपलंच करणं. पण हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग पडणारा पाऊस कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 1950 ते 2015च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या टापूवर होणारी अतिवृष्टी या काळात तिप्पट झालेली दिसली.

पुतणी : हे शेतीचं झालं. गावाच्या विकासाशी त्याचा काय संबंध?

काका : गावाचा पैसा शेतातूनच फिरतो. दुबार पेरणी आली की बियाण्यासाठी उसनवारी, पीक गेलं की ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. बीडकडची किती जोडपी कोयता घेऊन फडावर जातात! लेकरं सोबत गेली की शाळा सुटली. शाळेची नवी खोली बांधून झालेली असते, पण तीत बसणारी पोरं कारखान्याच्या तळावर. इकडं ग्रामपंचायत वाहून गेलेली मोरी पुन्हा त्याच मापाच्या नळ्या टाकून बांधते आणि तो खर्च विकासात दाखवते. मला हे मान्य नाही. ती फक्त दुरुस्ती आहे, तीही पुढच्या पावसापुरती.

पुतणी : मग करायचं काय?

काका : रुंद वरंब्यावर पेरलं तर पावसात खंड पडल्यावर ओल टिकते आणि पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं. 2025सारख्या पुरापुढं मात्र हा उपाय पुरणार नाही. हिवरेबाजार हे गाव दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरवतं. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथं बंदी आहे. इतकी शिस्त अवघड आहे, पण आपल्याच राज्यातल्या एका गावानं ती पाळून दाखवली.

पुतणी : आपल्या गावात सुरुवात कोण करणार?

काका : तू कर. विकास आराखड्याच्या ग्रामसभेला ये आणि विचार, मोरीच्या नळ्यांचं माप कोणत्या वर्षांच्या पावसावरून ठरवलं? उत्तर मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नकोस.